एका टाकीत तीन बिऱ्हाडं

ॲक्वापोनिक्स, म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि भाजी वाढवणं, म्हटलं की लोक पहिलं विचारतात, मासे किती सोडायचे आणि झाडं किती लावायची. कागदावर आकडे मांडायला बसले तेव्हा मला दिसलं की हा हिशेब माशांच्या संख्येवर चालतच नाही. तो चालतो रोज टाकीत पडणाऱ्या खाद्याच्या ग्रॅमवर. मासा खातो, त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट झाडं उचलतात. या सगळ्या रहाटगाडग्यात रोज बाहेरून आत येतं ते खाद्य. बाकी सगळं त्याचंच रूपांतर.

कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी या विषयात आयुष्य घातलं. त्यांचा ठोकताळा असा की तरंगत्या वाफ्याच्या दर चौरस मीटरमागे रोज ६० ते १०० ग्रॅम खाद्य पडावं. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना, घरगुती यंत्रणेसाठी थोडं हात राखून सांगते: पालेभाज्यांना ४० ते ५० ग्रॅम, टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांना ५० ते ८०. माझे वाफे तीन, प्रत्येकी साधारण एक चौरस मीटरचे, आणि मला पालेभाजीच हवी होती. म्हणजे रोजची कमाल मर्यादा दीडशे ग्रॅम. टाकी, पंप, मासे हे सगळं या दीडशेवरून मागे मोजत आले.

जागा साताऱ्यातल्या आमच्या घराचं परस. गच्चीवर ऊन भरपूर, सगळ्यांनी तिथेच करायला सांगितलं, पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, त्यात खडीचं वजन वेगळं. वावर असलेल्या गच्चीला आपल्याकडे चौरस मीटरला दीडशे किलोचा भार धरून स्लॅब टाकतात. परसातली फरशी बरी. टाकी घेतली भंगारातली: लोखंडी पिंजऱ्यातली पांढरी, हजार लिटरची, कारखान्यांत द्रवपदार्थ आणायला वापरतात ती. आधी आत काय होतं याचं लेबल शाबूत असेल तरच घ्यायची. आम्हाला ग्लुकोज सिरपची मिळाली. वरचा फूटभर भाग कापून उलटा ठेवला की तोच पहिला वाफा. खाली उरतं सातशे लिटरचं तळं.

वाफ्यात माती नसते, खडी असते. वीस मिलिमीटरची काळी खडी तीन वाफ्यांना एक तृतीयांश ब्रास पुरते. एवढ्याशा खडीसाठी ट्रॅक्टर पाठवायला कुणी तयार होईना, शेवटी शेजारच्या बांधकामावरून घेतली. खडी आधी व्हिनेगरमध्ये टाकून बघायची. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट फसफसत नाही, पण त्याच्या पोकळ्यांत कधी कधी कॅल्साइटचे पांढरे खडे असतात, ते फसफसतात आणि पाण्याचा सामू (पीएच) वर ओढत राहतात. तसे खडे मी निवडून काढले, तांदूळ निवडावेत तसे. प्लंबरला मात्र एकाच गोष्टीसाठी अडवावं लागलं: पितळी कॉक आणि जस्ताचा मुलामा दिलेले पाइप नकोत. तांबं आणि जस्त दोन्ही माशांना बाधतात. नळजोडणीबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. पंप तासाभरात टाकीभर पाणी वर फिरवतो, वाफा भरला की सायफन, म्हणजे पाणी आपोआप खाली ओढणारी नळी, सुटतो, पाणी खाली धो धो पडतं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

खरं काम इथून पुढे, आणि ते मासे आणायच्या आधीचं.

जिवाणू कुठून आणायचे हा प्रश्नच नसतो, ते हवेत-पाण्यात असतातच. प्रश्न त्यांना जेवण देऊन संख्या वाढवण्याचा असतो. पुष्कळ जण सुरुवातीलाच चार मासे सोडून त्यांच्या अमोनियावर जिवाणू वाढवतात. त्यात मासे स्वतःच्याच घाणीत आठवडेच्या आठवडे काढतात, मला ते पटलं नाही. बिनमाशांच्या पद्धतीत अमोनिया आपण घालायचा. माझ्या लहानपणी मालवणात कल्हईवाला यायचा, भांडं तापवून त्यावर पांढरी पूड टाकायचा आणि नाकाला झोंबणारा धूर निघायचा. तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. इथे हवा असतो नेमका तोच पदार्थ. फक्त कल्हईच्या दर्जाच्या नवसागरात दुसरे धातू असण्याची शक्यता असते, म्हणून मी कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध बाटली आणली. हजार लिटरला आठ ग्रॅमच्या आसपास टाकला की नायट्रोजनच्या हिशेबात लिटरला दोन मिलिग्रॅम होतात, सुरुवातीला तेवढे पुरे.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच असतं, तेव्हा पाणी पिंपात एक दिवस उघडं ठेवून मगच आत. बाटलीतले जिवाणूही बाजारात मिळतात, पण मी ओळखीच्या एकांच्या जुन्या, निरोगी अक्वेरियमच्या फिल्टरमधला स्पंज त्यांच्याकडून पिळून आणला. ते गढूळ पाणी खडीवर ओतलं तेव्हा घरात कुणालाही हे काम स्वयंपाकाच्या भाजीशी संबंधित वाटलं नाही.

मग वाट बघणं. रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडायचा. सुरुवातीला अमोनिया ढिम्म हलत नाही. या जिवाणूंना दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस लागतो. बाकीच्या जिवाणूंच्या मानाने ही गोगलगाय. मग एक दिवस अमोनियाचा हिरवा रंग पिवळ्याकडे सरकतो आणि त्याच वेळी नायट्राइटची नळी जांभळी होते. हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा. अमोनियाचं नायट्राइट करणारे पुढे निघून जातात आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे मागे रेंगाळतात, त्यामुळे मधल्या काळात नायट्राइट तक्त्याच्या शेवटच्या रंगाच्याही पलीकडे जातं. त्या वेळी टाकीत मासे असते तर रक्त तपकिरी पडून, पाण्यात प्राणवायू असूनही, गुदमरले असते. आमच्याकडे होळीनंतर काम सुरू केलेलं, पाणी पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर, जिवाणूंना आवडतं तसं. तरी महिना उलटून गेलाच. थंडीत सुरू केलं असतं तर आणखी लांबलं असतं.

परीक्षा सोपी आहे. अमोनियाचा पूर्ण डोस टाका. चोवीस तासांनी अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं की वसतीची सोय झाली. आमच्याकडे नेमकं तेव्हाच मत्स्यबीज मिळायला उशीर झाला. पण रिकाम्या टाकीत जिवाणूंना उपाशी ठेवून चालत नाही, संख्या खाद्याबरोबर घटते. म्हणून मासे येईपर्यंत रोज नवसागराची चिमूट चालू ठेवली. आई म्हणाली, दिसत नाही त्याला नैवेद्य दाखवतेस.

मासा निवडला तिलापिया, उजनीच्या बाजूला ज्याला चिलापी म्हणतात तो. १९५२ साली मोझांबिक तिलापिया भारतात आणली गेली, ती भरमसाट पिलं घालते आणि खुजी राहते. म्हणून मी ‘गिफ्ट’ नावाच्या सुधारित जातीची, सगळे नर असलेली बोटुकली मागवली. मिश्र लिंगाचे मासे टाकीत वाढले तर संख्येचा हिशेब आपल्या हातात राहत नाही. ज्यांच्याकडे मासे खात नाहीत त्यांनी कोई किंवा गोल्डफिश ठेवावेत, झाडांना काही फरक पडत नाही. मरळ मात्र नको, तो शेजाऱ्यांना खातो.

चाळीस बोटुकली, एकेक पाच ग्रॅमचं. सगळे मिळून दोनशे ग्रॅम वजन आणि रोजचं खाद्य दहा ग्रॅम. दहा ग्रॅमवर तीन वाफे कसे जगणार? म्हणून सुरुवातीला एकच वाफा लावला, त्यातही अर्धा पुदिना आणि अर्धी अंबाडी. बाकी दोन वाफ्यांतून पाणी फिरत राहिलं, खडीवर जिवाणू बसत राहिले, झाडं नंतर. मासे वाढले तसे आधी पालक आणि लाल माठ, मग कडेला अळू. अळू या पद्धतीत इतका माजतो की त्याची मुळं सायफनच्या नळीपासून लांब ठेवावी लागतात.

खाद्य तरंगतं, बत्तीस टक्के प्रथिनांचं. प्रथिनांत साधारण सोळा टक्के नायट्रोजन, म्हणजे शंभर ग्रॅम खाद्यात पाच ग्रॅम नायट्रोजन. त्यातला काही माशांच्या अंगी लागतो, बराचसा अमोनिया होऊन पाण्यात येतो. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून डबा भरते, पंधरा मिनिटांत जे खाल्लं जात नाही ते जाळीने काढून टाकते आणि काढलेलंही वहीत लिहिते. त्याच वहीत आठवड्यातून एकदा नायट्रेटचा आकडा. तो लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास राहिला की मी काही करत नाही. चढत गेला तर रोपं वाढवते, शून्याकडे गेला तर भाजी काढून घेते. जिवाणूंकडून ही जुळणी आपोआप होते. जेवढा अमोनिया मिळतो तेवढीच त्यांची संख्या टिकते. अट एवढीच की खाद्य एकदम वाढवायचं नाही, त्यांना वाढायला सवड द्यायची. पाहुणे आले की मुलं मूठ मूठ खाद्य टाकायला धावतात, म्हणून डबा आता कुलुपात असतो.

पहिल्या उन्हाळ्यात पाण्याचं तापमान एकतीस-बत्तीस अंशांवर गेलं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच. त्यात मासे भुकेलेले आणि जिवाणूही प्राणवायूचे गिऱ्हाईक: एक ग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला त्यांना साडेचार ग्रॅमच्या वर प्राणवायू लागतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडबंद करायला लागले. उपाय साधे होते: वर शेडनेट, टाकीला ओलं गोणपाट, संध्याकाळचं खाद्य बंद करून सगळं सकाळी, आणि हवेचा छोटा पंप इन्व्हर्टरवर. वीज गेली तर झाडं चार तास थांबतात, मासे थांबत नाहीत.

मग पालकाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोहाचं. माशांच्या खाद्यात झाडांना पुरेल इतकं लोह, पालाश आणि कॅल्शियम नसतं, ते केव्हा ना केव्हा कमी पडतंच. कृषी सेवा केंद्रात गेले तर त्यांनी आधी फवारणीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांची, ग्रेड २ ची पुडी पुढे केली. शेतात ती उत्तम, पण त्यात जस्त आणि तांबंही असतं, टाकीला नको. मग चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं. त्यातही ईडीटीएचं स्वस्त मिळतं, ते सामू साडेसहाच्या वर गेला की सैल पडतं. डीटीपीएचं साडेसातपर्यंत धरून राहतं, द्राक्षवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या हिशेबाने ते दिलं आणि नवी पानं आठवड्याभरात हिरवी आली. जुनी पिवळीच राहिली, ती खुडून टाकली.

किडींबद्दल थोडक्यात. मावा येतोच, आणि इथे काहीही फवारलं की ते पुढच्या फेरीत माशांच्या अंगावर. निंबोळी अर्कसुद्धा माशांना सोसत नाही. पाण्याचा जोरदार फवारा, पिवळे चिकट सापळे आणि ढालकिडे यांवर भागवते. फार लागला तर झाड उपटते. माशांवर डोळा असतो तो खंड्याचा आणि शेजारच्या बोक्याचा, त्यांना जाळी.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पावसाळ्याने.

सामू हा या तीन बिऱ्हाडांमधला कायमचा वाद आहे. जिवाणूंना सात ते आठ आवडतो, झाडांना साडेपाच ते साडेसहा, मासे मधे कुठेही चालवून घेतात. म्हणून सगळे ६.८ ते ७ वर तडजोड करतात. पण जिवाणूंचं कामच आम्ल तयार करण्याचं आहे. अमोनियातला एक ग्रॅम नायट्रोजन नायट्रेट होताना सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी पाण्याची आम्ल सोसायची ताकद खाऊन टाकतो. माझ्या शंभर ग्रॅम खाद्यातून रोज तीनेक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निघतो, म्हणजे रोज वीस ग्रॅम कार्बोनेट खर्च. झाडं नायट्रेट उचलताना त्यातलं थोडं परत देतात, पण सगळं नाही. उन्हाळ्यात पाणी उडून जायचं, भरपाईला बोअरचं जड पाणी घालायचे, त्यातून कार्बोनेट आपोआप मिळत होतं. ऑगस्टमध्ये झड लागली. वाफे उघडे, भरपाईची गरजच उरली नाही. उलट पावसाचं पाणी आत येऊन जुनं पाणी सांडव्यातून बाहेर. पावसाच्या पाण्यात कार्बोनेट जवळजवळ नसतंच.

आठवड्याच्या तपासणीत सामू सहावर आला होता आणि अमोनिया, जो महिनोन्‌महिने शून्य होता, तीन मिलिग्रॅम. मासे मात्र अगदी मजेत. दोन्ही गोष्टींचं कारण एकच. सामू सहापाशी जिवाणूंचं काम मंदावतं, म्हणून अमोनिया साठला. आणि त्याच सामूला तो अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, जे माशांना फारसं बाधत नाही. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात सामू ६ असताना विषारी अमोनिया हजारात एक भागही नसतो, ७ ला हजारात सातेक, ८ ला शंभरात सहा-सात. प्रत्येक पायरीला दहापट. घरात खायच्या चुन्याची डबी होती, आणि चमचाभर चुन्याने सामू तासाभरात वर गेला असता. पण तीन मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात असताना तसं करणं म्हणजे सगळ्या माशांना एकदम विष पाजणं. पाणी दिसायला तेच, मासेही तेच, आणि एका चमच्याने निकाल.

म्हणून आधी खाद्य पूर्ण बंद. तिलापियाला चार दिवस उपवास काहीच नाही. वाफ्यांवर प्लास्टिकचं छत टाकून पाऊस अडवला. मग रोज थोडं बोअरचं पाणी, सामू दिवसाला ०.२ पेक्षा जास्त चढू द्यायचा नाही, आणि दर वेळी आधी अमोनिया मोजायचा. सामू साडेसहाच्या वर सरकला तसे जिवाणू कामाला लागले आणि अमोनिया उतरायला लागला. तो शून्यावर आल्यावर मूठभर खाद्यापासून पुन्हा सुरुवात. पालकाला या सगळ्यात काहीच झालं नाही, उलट त्या आम्ल पाण्यात त्याचा रंग खुलला होता.

कायमचा उपाय स्वयंपाकघरातून आला. आमच्याकडे मालवणहून कुणी आलं की तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, येतात. त्यांच्या शिंपल्या धुऊन, उकळून, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून टाकीत सोडल्या. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्ल झालं की ती विरघळते, सामू सातच्या वर गेला की जवळपास थांबते, त्यामुळे जास्त होण्याची भीती नाही. झाडांना कॅल्शियमही मिळतं. पालाशसाठी अधूनमधून चिमूटभर पोटॅशियम बायकार्बोनेट. गेले दोन पावसाळे सामू साडेसहाच्या खाली गेलेला नाही.

मासे पाव किलोचे झाले तेव्हा पहिले चार काढले. आईने कालवण केलं, एक घास घेतला आणि म्हणाली, "हेका चिखलाचो वास येता." समुद्राच्या माशावर वाढलेल्या जिभेला तो लगेच कळतो. हा वास जिओस्मिनचा. पाण्यातले काही जिवाणू तो बनवतात आणि माशाच्या चरबीत तो साठतो. पावसाच्या पहिल्या सरीला मातीचा जो सुगंध येतो तोही याच जिओस्मिनचा, ताटात मात्र नको वाटतो. आता काढायचे मासे आधी काही दिवस वेगळ्या पिंपात, स्वच्छ पाण्यात, हवेचा पंप लावून, खाद्याशिवाय ठेवते. वास जातो. आईचं मत "बरो आसा" इथवर आलंय. सुरमईशी तुलना करायची नाही हे दोघींनी न बोलता ठरवलेलं आहे.

पण मासे काढण्याने नवाच तिढा पडला. दिवाळीला निम्मे मासे एकदम काढले, तसं रोजचं खाद्य दीडशेवरून सत्तरवर आलं, आणि पंधरवड्यात तिन्ही वाफे फिके पडले. माठ आणि अळूची खालची पानं पिवळी, म्हणजे या वेळी नायट्रोजनच कमी. टाकीत नायट्रेट मोजलं तर पाचसुद्धा नाही. एक वाफा रिकामा करून थंडीपुरती मेथी लावली, ती कमी खाते आणि लवकर निघते. तेव्हापासून मासे एकगठ्ठा काढत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मोठे आठ-दहा बाहेर आणि तेवढीच बोटुकली आत. मोठे लहानांना गिळतात, म्हणून बोटुकली टाकीतच जाळी लावलेल्या भाजीच्या क्रेटमध्ये तरंगत वाढतात, तळहाताएवढी झाली की सोडते. खाद्य शंभर ते एकशेतीस ग्रॅममध्ये राहतं. सध्या क्रेटमध्ये नऊ आहेत, आणि त्यातलं एक इतरांच्या दुप्पट झालंय, त्याला या आठवड्यात बाहेर काढायचंय.